मूल पडद्याबाहेर ठेवताना

एका लहान मुलाच्या अपहरणावर बेतलेल्या थरारपटाचं संकलन नुकतंच हातावेगळं केलं. चित्रपट अजून जाहीर झालेला नाही, त्यामुळे त्याचं नाव आणि अपहरण कोणी केलं हे सांगणार नाही. पण एडिट करताना जे निर्णय घ्यावे लागले, ते लिहून ठेवावेत असं मनापासून वाटतं. अशा चित्रपटातला ताण नेमका कुठून येतो, याबद्दलचं माझं मत याच काळात पक्कं झालं.

गोष्ट साधी आहे. आठ वर्षांचा मुलगा शाळा सुटल्यावर घरी पोचत नाही. अंधार पडता पडता एक फोन येतो. त्यानंतरचा दीड दिवस, आई, वडील, तपास अधिकारी आणि फोनच्या पलीकडचा माणूस. पटकथेत दर दुसरा-तिसरा प्रसंग मुलाला जिथे ठेवलंय त्या खोलीतला होता. इकडे घर, तिकडे ती खोली, पुन्हा घर. कागदावर वाचताना हे अगदी बरोबर वाटत होतं.

काम सुरू झालं ते रशेस, म्हणजे चित्रीकरणाचं सगळं कच्चं फुटेज, बघण्यापासून. मी सगळे रशेस पूर्ण बघते, क्लॅपच्या, म्हणजे शॉटच्या सुरुवातीला पाटी वाजते त्याच्या, आधीचा भाग आणि ‘कट’ म्हटल्यानंतरचाही. नट पात्रात शिरायच्या आधीचे आणि पात्रातून बाहेर पडतानाचे क्षण पुष्कळदा टेकपेक्षा कामाचे निघतात. या चित्रपटात मात्र त्या कडेच्या भागांतून मला दुसरंच काही दिसलं: दिग्दर्शकानं त्या लहान मुलाला किती जपलं होतं ते. ज्या प्रसंगांत अपहरणकर्ता त्याच्यावर ओरडतो, त्यांत दोघं कधीच एकत्र नव्हते. ओरडणारा नट वेगळ्या वेळी, रिकाम्या कोपऱ्याकडे बघून ओरडला. मुलाचे शॉट्स त्याच्या आईच्या समोर, भरपूर विश्रांती देऊन घेतलेले. चेहऱ्यावर काळजी हवी असेल तेव्हा त्याला मनातल्या मनात सतराचा पाढा म्हणायला सांगितलेलं. कॅमेऱ्याला दिसते ती पाढा विसरण्याची काळजी. त्या काळजीची भीती मी बनवायची, पुढच्या शॉटमध्ये दाराची कडी दाखवून.

हे काही नवीन नाही. शंभर वर्षांपूर्वी रशियन दिग्दर्शक लेव कुलेशोव यांनी एकाच नटाचा भावरहित चेहरा वेगवेगळ्या दृश्यांना जोडून दाखवला होता, आणि बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यात कधी भूक दिसली, कधी दुःख. प्रत्येक संकलक हे शिकतो. पण मूल समोर असतं तेव्हा त्याला नुसत्या तंत्रापलीकडचा अर्थ येतो. कट आहे म्हणून मूल आणि दहशत एका खोलीत आणावी लागत नाहीत. हे काम मला आवडतं त्याचं एक कारण हेच आहे.

आणि तरीही एक टेक होता. एका प्रसंगात सेटवरचा दिवा अचानक गेला आणि मुलगा खरोखर घाबरला. ओठ थरथरले, मग तो रडला. दिग्दर्शकानं तिथल्या तिथे कट म्हटलं, आई धावत फ्रेममध्ये आली. पण त्याआधीची काही सेकंदं कॅमेऱ्यात आली होती, आणि ती विलक्षण होती. सहायकानं त्यावर खूण करून ठेवली होती. दिग्दर्शक माझ्या शेजारी बसून ती परत परत बघत होते. म्हणाले, “हाच खरा क्षण आहे बघ. असा पुन्हा मिळणार नाही.”

मी म्हटलं, “खरा आहे, पण तो त्या मुलाचा आहे. पात्राचा नाही. उद्या तो मोठा होऊन हे बघेल तेव्हा त्याला काय दिसेल?”

ते लगेच काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनीच तो टेक बाजूला काढायला सांगितला. मला त्यांच्याबद्दल आदर आहे तो अशा गोष्टींमुळे. निर्मात्यांपैकी कुणी तो टेक बघितला असता तर ट्रेलरमध्ये सगळ्यात आधी तोच गेला असता.

असेंब्ली झाली. पटकथेच्या क्रमानं सगळं लावून पाहिलं. लांबी जास्त असणं अपेक्षितच होतं. अपेक्षित नव्हतं ते हे की चित्रपटात ताणच नव्हता. घरातला प्रसंग चढत जायचा, श्वास अडकायचा, आणि मग कट होऊन मुलगा दिसला की सगळं सैल पडायचं. बरेच दिवस आम्ही वेग वाढवून बघत होतो. शॉट आखूड केले, अदलाबदल जलद केली. उपयोग शून्य.

शेवटी कारण सापडलं ते थरारपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांच्या त्या प्रसिद्ध उदाहरणाचा विचार करताना. टेबलाखाली बॉम्ब आहे. प्रेक्षकाला ते ठाऊक नसेल आणि बॉम्ब फुटला, तर पंधरा सेकंदांचा धक्का. ठाऊक असेल आणि टेबलावरची माणसं निवांत गप्पा मारत असतील, तर पंधरा मिनिटांचा ताण. म्हणजे प्रेक्षकाला माहिती द्या. आम्ही तर माहिती देतच होतो. पण कुठली? प्रत्येक वेळी त्या खोलीत गेलं की प्रेक्षकाला कळायचं की मूल जिवंत आहे, जागेवर आहे, त्याला पाणी दिलंय. हा बॉम्ब नव्हता, दिलासा होता. आईवडिलांना जे कळायला हवं होतं ते आम्ही प्रेक्षकाला आधीच सांगून टाकत होतो, आणि मग त्यानं आईसोबत कासावीस व्हावं अशी अपेक्षा करत होतो.

मग मी चित्रपटाचा एक वेगळा कट, म्हणजे आवृत्ती, केला ज्यात पहिल्या फोननंतर मूल दिसतच नाही. मधला सगळा भाग घरातच. दिग्दर्शकांना न सांगता केला, कारण चर्चेत हे हास्यास्पद वाटलं असतं. पडद्यावरच बघायला हवं होतं. फ्रिट्झ लांग यांच्या १९३१ च्या ‘एम’ या जर्मन चित्रपटात एल्सी नावाच्या मुलीचं काय झालं ते असंच कळतं. आई तिला हाका मारते, पडद्यावर रिकामा जिना, रिकामा माळा, टेबलावरची तिची रिकामी जागा. मग गवतातून घरंगळत आलेला चेंडू आणि तारांत अडकलेला फुगा. हल्ला दिसतच नाही. बोलपटांच्या अगदी सुरुवातीच्या काळातली ही गोष्ट आहे, आणि लांग यांचा तो पहिलाच बोलपट. तरी त्या हाकेचा आवाज रिकाम्या जिन्यावर ठेवायचं त्यांना सुचलं.

माझा कट बघून दिग्दर्शक बराच वेळ गप्प होते. ताण आला होता. पण दुसरंच एक बिघडलं होतं, आणि ते त्यांनी बरोबर ओळखलं. “आता हा पोलीस तपासाचा सिनेमा झालाय. मुलगा राहिलाच नाही, केस राहिली.”

ते खरं होतं. मुलाला पडद्याबाहेर ठेवायचं, पण प्रेक्षकाच्या मनातून जाऊ द्यायचं नाही, हे पुढचं सगळ्यात मोठं काम ठरलं. इथे असेंब्लीतून मंद म्हणून काढलेला एक प्रसंग मदतीला आला. अधिकारी मुलाचा अलीकडचा, समोरून काढलेला फोटो मागतो. आई मोबाइल चाळते आणि तिला एकही सरळ फोटो सापडत नाही. प्रत्येक फोटोत पोरगं जीभ बाहेर काढतंय, डोळे तिरळे करतंय, कुणाच्या तरी मागून शिंगं दाखवतंय. ती चाळत राहते, अधिकारी थांबून राहतो. असेंब्लीत तो प्रसंग रेंगाळत होता कारण त्याच्या आधीच मूल दिसून गेलेलं असायचं. आता मूल दिसत नसताना तोच प्रसंग असह्य झाला. मी तो वाटला होता त्याहून लांब ठेवला. वडील पुढे येऊन म्हणतात, “अगं, त्या लग्नातला बघ ना,” आणि लग्नातल्या फोटोतही तो वाकुल्याच दाखवतोय.

मग फोनचा प्रसंग. चित्रपटाचा कणा तोच आहे. खंडणीची रक्कम ठरते, आणि आई म्हणते, आधी त्याचा आवाज ऐकवा. चित्रीकरणात दोन्ही बाजू घेतल्या होत्या: घरातली आणि फोन करणाऱ्याची. आम्ही घरातच राहायचं ठरवलं. त्या माणसाचा फक्त आवाज. या निर्णयावर अकिरा कुरोसावांच्या १९६३ च्या ‘हाय अँड लो’ या जपानी चित्रपटाची छाया आहे हे मी मोकळेपणानं सांगते. त्यात अपहरणकर्ता चुकून उद्योगपतीच्या मुलाऐवजी त्याच्या ड्रायव्हरच्या मुलाला उचलतो, आणि मग पैसे द्यायचे की नाही हा पेच जवळजवळ पहिला तासभर एकाच दिवाणखान्यात चालतो. रुंद फ्रेममध्ये सगळी माणसं एकदम दिसतात: बोलणारा, ऐकणारी, आणि कोपऱ्यात मान खाली घालून उभा असलेला तो ड्रायव्हर. कुठे बघायचं ते कट सांगत नाही. आपणच चेहरे शोधत राहतो.

आमच्याकडे असा एक रुंद मास्टर शॉट, म्हणजे पूर्ण प्रसंग एकाच फ्रेममध्ये सलग टिपणारा शॉट, होता. आई फोनवर, वडील तिच्या मागे, अधिकारी हेडफोन लावून, दारात मोठी बहीण. क्लोजअप भरपूर होते आणि ते चांगलेही होते, पण आईचा क्लोजअप आला की बाकीचे तिघं ऐकताहेत हे विसरलं जायचं. मी जवळजवळ पूर्ण फोन मास्टरवर ठेवला आणि फक्त एकदा, मुलाच्या आवाजावर, आईकडे गेले.

मुलगा काय म्हणतो? लिहिलेला संवाद लांब होता: आई मला घरी यायचंय, मला भीती वाटते, लवकर ये, आणि शेवटी, माझा चष्मा हरवला. आम्ही एकेक वाक्य काढत गेलो. शेवटी उरलं ते फक्त “आई, माझा चष्मा हरवला.” आठ वर्षांच्या मुलाला घरी बोलणी बसतील याची काळजी आहे, आणि पलीकडे आई उभी आहे. भीतीचं एकही वाक्य ठेवायची गरज राहिली नाही. पटकथाकाराला आधी हे आवडलं नाही. मग त्यांनी स्वतःच आईचं उत्तर बदललं. आधी ती रडून मुलाचं नाव घेत होती, आता म्हणते, “असू दे, दुसरा आणू.” त्यासाठी फक्त आवाज पुन्हा डब करावा लागला, कारण त्या क्षणी तिचं तोंड हातानं झाकलेलं होतं.

इथे एक तांत्रिक भांडण झालं. आईच्या सर्वोत्तम टेकमध्ये फोन डाव्या कानाला आहे, मास्टरमध्ये उजव्या. माझ्या सहायकानं तीनदा आठवण करून दिली. मी अमेरिकी संकलक वॉल्टर मर्च यांची क्रमवारी मानते. त्यांच्या हिशोबात कट कुठे करायचा याचं ५१ टक्के वजन भावनेला आहे, आणि जागेच्या सलगतेला फक्त ४ टक्के. त्या टेकमध्ये आईचा श्वास बरोबर होता. फोनचा कान बदलला ते बदलला. आतापर्यंत कुणाच्याही लक्षात आलेलं नाही, आणि आलं तरी मी तोच टेक ठेवीन.

आवाजाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण मूल दिसत नसेल तर तो आवाजच मूल असतो. जुन्या पद्धतीच्या टेलिफोन लाइनवरून साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झमधलाच आवाज जातो. खालचा भरदारपणा आणि वरची चमक दोन्ही कापली जातात, म्हणून फोनवरचा माणूस लांबचा आणि सपाट वाटतो. मानवी कान सगळ्यात तल्लख असतो तो साधारण २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात. लहान मुलाच्या किंचाळीतला पुष्कळ जोर इथेच असतो. म्हणूनच ती भिंतीपलीकडूनही आपल्याला उठवते. आमचा साउंड डिझायनर म्हणाला, “ताई, याचा आवाज फोनमध्येही टोचणार. अपहरणकर्त्याचा मी गाडून टाकतो, याचा वर राहू दे.” त्यानं तसंच केलं. माणसाचा आवाज खरखरीत दबलेला आहे, आणि त्यामागून मुलाचं एक वाक्य इतकं स्पष्ट येतं की अधिकाऱ्याचा हात आपोआप हेडफोनकडे जातो. तो हात त्या टेकमध्ये होताच, फक्त आम्ही वाक्य त्याच्या अलीकडे सरकवलं. किती? मोजून पाच फ्रेम. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे साधारण सेकंदाचा पाचवा भाग. वाक्य पाच फ्रेम उशिरा असताना तो हात कानात कळ आल्यासारखा वाटायचा.

पैसे पोचवण्याचा प्रसंग तुलनेनं सोपा गेला. धावपळीचे प्रसंग कापायला मजा येते आणि त्यात फारसं सांगण्यासारखं नसतं. एवढंच सांगते की तिथे आम्ही शेपर्ड टोन वापरला. सतत चढत जातोय असं भासणारा पण कुठेच न पोचणारा तो स्वर मानसशास्त्रज्ञ रॉजर शेपर्ड यांनी १९६४ मध्ये मांडला. दिग्दर्शकांना तो सगळीकडे हवा होता. मी हट्टानं एकाच प्रसंगात राहू दिला. घरातल्या प्रसंगांना मी टेम्प म्युझिकसुद्धा, म्हणजे संकलनापुरतं वापरायचं तात्पुरतं संगीतसुद्धा, लावलं नव्हतं, कारण टेम्पची सवय लागली की शांततेवर विश्वास उरत नाही.

पटकथेत एक प्रसंग होता ज्यात एका मुलाचा मृतदेह सापडतो, आईवडिलांना ओळख पटवायला नेतात, आणि तो दुसऱ्याच कुणाचा निघतो. अशा चित्रपटांतली ही नेहमीची युक्ती. चित्रीकरण उत्तम झालं होतं, नटांनी जीव ओतला होता. मला तो प्रसंग सहन होत नव्हता. हिचकॉक यांच्या १९३६ च्या ‘सॅबोटाज’मध्ये एक मुलगा नकळत बॉम्ब घेऊन बसमध्ये चढतो आणि तो बॉम्ब फुटतो. पुढे फ्रेंच दिग्दर्शक त्रुफो यांच्याशी बोलताना हिचकॉक यांनी ती आपली चूक होती असं सांगितलं, कारण इतका ताण सोसल्यावर मूल मेलेलं पाहून प्रेक्षक संतापला. आमच्याकडे तर मेलेलं मूल नायकाचं नव्हतं म्हणून प्रेक्षकानं सुटकेचा श्वास टाकावा अशी योजना होती. तेही कुणाचं तरी मूलच ना? मी हे बोलून दाखवलं तेव्हा दिग्दर्शकांनी वाद घातला नाही. आता तिथे एवढंच आहे: अधिकाऱ्याला फोन येतो, तो बाहेर जातो, आत येतो आणि नकारार्थी मान हलवतो. काय नाकारलं ते आईवडील विचारत नाहीत.

मुलाला कसं फूस लावून नेलं, तो सविस्तर प्रसंगही काढला. ताण हे त्याचं कारण नव्हतं, जबाबदारी हे होतं. ‘हाय अँड लो’ प्रदर्शित झाला त्याच वर्षी जपानमध्ये खंडणीसाठी एका लहान मुलाच्या अपहरणाचं प्रकरण गाजलं, आणि १९६४ मध्ये तिथल्या दंडसंहितेत खंडणीसाठीच्या अपहरणाचं स्वतंत्र कलम आलं. चित्रपटामुळे गुन्हे घडतात असं मी म्हणत नाही. पण मुलाचा विश्वास कसा जिंकायचा याची पायरीपायरीची कृती पडद्यावर मांडण्याची मला काहीही गरज दिसत नाही. आता फक्त शाळेचं फाटक आहे, मुलं पांगताहेत, आणि शेवटी रखवालदार कडी लावतो.

फाइन कटच्या, म्हणजे शेवटच्या बारीक संकलनाच्या, आधी कथा ठाऊक नसलेल्या काही लोकांना बोलावून चित्रपट दाखवला. मी पडद्याकडे पाठ करून त्यांच्याकडे बघत बसले. कोण कधी हलतं, पाण्याची बाटली कधी उघडते, मोबाइलचा उजेड कुठे पडतो. फोटोच्या प्रसंगात कुणी हललं नाही. नंतर एक गृहस्थ चक्क रागावले: “मुलगा ठीक आहे की नाही एवढं तरी दाखवा!” दिग्दर्शकांना काळजी वाटली. मला वाटली नाही, कारण पडद्यावरची आई अधिकाऱ्याला तेच विचारत असते. दुसरीची तक्रार मात्र गंभीर होती. पहिल्या फोननंतर किती तास गेले तेच तिला कळलं नव्हतं. ती तक्रार रास्त होती. मुलाच्या खोलीतले प्रसंग काढल्यामुळे त्यांतून कळणारी वेळही गेली होती. आम्ही दोन प्रसंगांची जागा बदलली, जेणेकरून खिडकीतला उजेड सलग उतरत जाईल, आणि बहीण उभ्या उभ्या झोपते तो शॉट परत आणला.

शेवटाला दिग्दर्शक आणि मी सगळ्यात जास्त भांडलो. मुलगा परत येतो. चित्रीकरणात तो धावत येऊन आईला मिठी मारतो, कॅमेरा भोवती फिरतो. पण चष्मा हरवलेला मुलगा धावेल कसा? त्याला समोर कोण उभं आहे तेच नीट दिसणार नाही. धावण्याच्या आधीचे, क्लॅपनंतर लगेचचे काही क्षण होते, ज्यात त्या मुलानं दिग्दर्शकाच्या इशाऱ्याची वाट बघत डोळे बारीक करून समोर पाहिलं होतं. मी ते घेतले. तो थांबतो, बघतो, मग आई चालायला लागते. मिठी काढून टाकायला दिग्दर्शक शेवटपर्यंत तयार नव्हते; सरतेशेवटी ती राहिली, पण दुरून, रुंद शॉटमध्ये, आणि कॅमेरा फिरत नाही. या तडजोडीवर मी पूर्ण समाधानी आहे असं नाही. माझ्या मते आई पोचायच्या आधीच कट हवा होता. पण चित्रपट त्यांचा आहे.

पिक्चर लॉक झाल्यावर, म्हणजे दृश्यांचं संकलन कायम झाल्यावर, ध्वनी विभागाला टिपणं पाठवली. फोनवरच्या मुलाच्या वाक्यातली खरखर स्वच्छ करू नये. फोटो चाळताना मोबाइलचा आवाज ठेवू नये, फक्त रूम टोन, म्हणजे खोलीतल्या शांततेचा आवाज. अपहरणकर्त्याच्या श्वासाचा ट्रॅक वेगळा दिला आहे, दुसऱ्या फोनला वापरून बघावा. शेवटच्या प्रसंगात संगीत आई चालायला लागण्याआधी सुरू होऊ नये. याबद्दल काही शंका असेल तर मिक्सिंगच्या आधी मला फोन करावा.